आलेच हं

टोपलीचं झाकण उघडलं तरी ठमकी बाहेर यायला तयार होईना. वेतवाल्यांनी स्वतः विणलेली ती टोपली आडवी केली, तळाशी दोन टिचक्या मारल्या आणि शेवटी हात घालून तिला ओल्या गवतावर ठेवलं. तिने पंख झटकले आणि सरळ त्यांच्या पायावर येऊन बसली.

"अशानं कसं व्हायचं, काका?" तळ्याचा राखणदार म्हणाला. "रानहंस ना ही? हिला तर आपण माणूसच आहोत असं वाटतंय."

"पिल्लू होती तेव्हापासून घरातच वाढलीये. माझ्या बायकोने वाढवली."

"मग त्यांना आणायचं की सोबत."

वेतवाल्यांनी पायावरचं पीस उचलून खिशात ठेवलं. "ती नाही आता."

राखणदार ओशाळला. मग त्याने आपली अट सांगितली. थव्यात मिसळली तर ठमकी इथे सुखाने राहील, पण माणसाच्या हाकेला धावणारा पक्षी तो ठेवून घेत नसे. पलीकडच्या काठावर छर्ऱ्याच्या बंदुका घेऊन लोक दबा धरून बसत. ठमकी आपण होऊन त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली असती.

पण ठमकी तर एका हाकेला हमखास यायची. खरं तर ती हाकसुद्धा नव्हती. दाराशी ठमकीने कलकलाट केला की बायको कोबीची पानं चिरता चिरता स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले, आले! जीव घेशील का माझा?" आणि मागोमाग ताटली घेऊन यायची. ठमकीने तेवढा शब्द मनाशी पक्का धरला. बायकोला गाडीत झोपवून दवाखान्यात नेतानाही ती ठमकीला "आलेच हं" म्हणाली होती. त्या शब्दाचा वेतवाल्यांना अजून राग येत असे.

नंतर वेतवाले ताटली घेऊन "आलो, आलो" करत बसले, पण ठमकी ढुंकून बघेना. तिचं पोट खपाटीला गेलं तेव्हा एका सकाळी त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच म्हणून पाहिलं, "आले." ती धावत आली आणि पानांवर तुटून पडली. एवढा मिशीवाला बाप्या ताटली धरून ढसाढसा रडला.

पण इमारतीतल्या बायका दिवसभर तेच म्हणत. कुणाची बेल वाजली, कुणाचा नवरा ओरडला, की वरून "आले!" आणि खाली ठमकी रस्त्यावर. दोनदा ती गाडीखाली येता येता वाचली. परवा कुत्र्याने तिची अर्धी शेपटी उपटली. आता तिला घरात ठेवणं म्हणजे जाणूनबुजून मारणं होतं.

"इथे बायकामाणसं कोणी?" वेतवाल्यांनी चाचरत विचारलं.

"छे हो. मी सडाफटिंग."

"बरं झालं," वेतवाले म्हणाले. राखणदार त्यांच्याकडे बघतच राहिला.

दोघांनी मिळून ठमकीला पाण्यात सोडलं. थव्यातल्या एकाने तिला चोच मारली, दुसरा बाजूला सरकला. बऱ्याच वेळाने तिने इतरांसारखी चिखलात मान घातली. वेतवाले तळ्याकडे पाठ करून बांधावर बसले. राखणदार आपल्या खोपीत गेला आणि थोड्या वेळाने तिथूनच ओरडला, "काका, चहा झालाय!"

"आले!" वेतवाले म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. पाठीमागे पाणी सपासप वाजलं. जन्मात कधी न उडालेली ठमकी पाण्यावरून उडत आली आणि त्यांच्या पुढ्यात धप्पकन आपटली. वेतवाल्यांचे कान लाल झाले.

राखणदार दारात उभा होता. तो हसला नाही. "अजून एकदा बघू," तो म्हणाला. "नाही जमलं तर घेऊन जा, काका. माझा इलाज नाही."

त्यांनी तिला पुन्हा पाण्यात नेलं. या वेळी ती लवकर रमली. वेतवाले ओठ घट्ट मिटून बसले.

"काका, चहा!"

त्यांनी शब्द आधी मनात घोळवला.

"आलो."

पाण्यात काहीच हाललं नाही. ठमकीची मान खालीच होती.

"जमलं की, काका!" राखणदार खूश होऊन म्हणाला. "आता तुम्ही बिनघोर जा."

वेतवाल्यांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. तळ्याकडे तोंड करून, जरा मोठ्याने, ते पुन्हा म्हणाले, "आलो."

तिने या वेळीही मान वर केली नाही.