समोरच्या खोलीतला एसी

ज्या खोलीत मी जन्मले त्या खोलीत आता माणसं राहत नाहीत, यंत्रं राहतात. आणि माझ्या बापाचे जन्मभरात झाले नसतील एवढे लाड त्या यंत्रांचे रोज होतात. परळच्या चाळीतली ती खोली बाबा गेल्यावर आम्ही विकली. घेणाऱ्यानं ती इंटरनेट कंपनीला भाड्यानं दिली. जमिनीखालून आलेल्या काचेच्या बारीक तारा, म्हणजे फायबर, तिथल्या यंत्रांना जोडल्या आणि तिथून साऱ्या वस्तीत फिरवल्या. यंत्रांना गरम होऊ नये म्हणून दोन एसी, अठरावर, रात्रंदिवस. आणि नशिबाची थट्टा अशी, की त्याच कंपनीत मी इंजिनिअर आहे.

हे जाळं चालवताना वीज आणि डिझेल जे वाया जातं ते कमी करणं हे माझं काम. बारीकसारीक बिघाडासाठी व्हॅन पळवायची नाही, ऑफिसात बसून दुरुस्त करायचं. रस्ता पुन्हा खणायचा नाही, जुन्या पाइपातून नवी तार ओढायची. एवढ्याला आमचे साहेब लगेच मान डोलावतात. एसी काढूया म्हटलं की त्यांनाच घाम फुटतो. अहो, नवी यंत्रं मुंबईच्या उन्हाळ्यात साध्या पंख्यावर चालतात. काचेतून उजेड जातो, उजेडाला कसलं उकडतंय? पण नाही. कुणीतरी एकदा अठरा लावलं, आता अठराच. तेवढ्यासाठी कुठंतरी ढीगभर कोळसा जळला तरी चालेल.

मे महिन्यात पाहणीसाठी मी चाळीत गेले. जिना चढून पॅसेजमध्ये पाय टाकला तर तोंडावर गरम झोत. एसीचे बाहेरचे डबे आमच्या जुन्या दाराच्या वरच ठोकले होते आणि ते समोरच्या दारावर आग ओकत होते. समोरचं दार कौसल्याकाकीचं, आणि ते लोटलेलं होतं. मला एकदम गलबलून आलं.

का, ते सांगायला हवं. आमच्याकडे दिवसा कुणी दार लावत नसे. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा मात्र दारं लोटली जाऊ लागली. ज्या घरी चूल पेटली नाही ते घर दार लोटून बसायचं, लोकांना कळू नये म्हणून. आणि त्यावरूनच सगळ्यांना कळायचं. मी तेव्हा चार वर्षांची. आमचं दार लोटलेलं दिसलं की कौसल्याकाकी हाक न मारता ते ढकलायची, माझ्यापुढं ताटली ठेवायची आणि आईकडे न बघता निघून जायची. तिचे सीतारामकाका आणि माझे बाबा गिरणीत एकाच खात्यात कापड विणायचे साचे चालवायचे, एकाच संपात होते. मग तिच्याकडे भाकरी कुठून यायची, हे विचारायचं माझं वय नव्हतं.

आता तिचं दार मी ढकललं. काकी पंख्याखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसली होती. बोलताना दम लागत होता. काका कधीच गेले होते. मोबाइल मात्र मांडीवर, तान्ह्या बाळासारखा.

"कोण? शेवंता?" ती हसली. "बाय माझी! किती जाड झालीस गं."

"काकी, दार उघडं ठेव की. गुदमरशील."

"उघडलं की भट्टी आत येते. राहू दे. सवय झाली."

मी म्हणाले, "एक तक्रार कर, बाकी मी बघते. इथल्या माणसांना त्रास होतोय म्हटलं की साहेब पहिल्यांदा इथलाच एसी काढतील." तर काकी माझ्यावरच खवळली. "खबरदार हात लावलास तर! ते लावायला पोरं आली होती ना, ती बोलली, 'आजी, अख्ख्या जगाचे फोन इथनं जातात. एसी बंद तर लाइन बंद.' आमच्या रामदासचा फोन शारजावरनं येतो. तो तुटला म्हणजे?"

रामदास तिचा एकुलता एक मुलगा. मी तिला समजावलं की तिच्या मोबाइलचा आणि या खोलीचा काही संबंध नाही, आणि एसीचा तर अजिबातच नाही. ती ऐकेना. शेवटी मी विचारलं, "शेवटचा फोन कधी आला होता?"

"बुद्धजयंतीला."

"परवाच्या?"

काकीनं पंचा पिळला, पुन्हा डोक्यावर ठेवला. "परवाच्या नाही. त्याच्या आधीच्या. नाही, त्याच्याही आधीच्या असेल." मग माझी समजूत घालावी तशी म्हणाली, "लाइन बिझी असते गं. अख्ख्या जगाचे फोन."

मला रडू येत होतं आणि संतापही. बाबा सांगायचे, मिलमध्ये सूत तुटू नये म्हणून खात्याच्या खिडक्या बंद ठेवायचे आणि माणसं वाफेत उभी असायची. सुतापायी बाबा शिजले, आता काचेच्या सुतापायी काकी शिजत होती. तेही फुकट, न येणाऱ्या फोनसाठी.

तिची तक्रार नव्हती तरी ऑफिसात मी भांडले. "यंत्रं बंद पडली तर माझी नोकरी घ्या," असंही म्हणून बसले. साहेबांनी वैतागून एका खोलीपुरती परवानगी दिली. आणि त्याच दुपारी, भांडणाचा जोर अंगात होता तोवर, काकीच्या मोबाइलमधून टिपून आणलेल्या नंबरवर मी रामदासला फोन लावला. त्यानं उचलला. पहिल्याच रिंगला उचलला, याचा मला जास्त राग आला.

"अरे, आई फोन मांडीवर घेऊन बसलीय. तुला दोन मिनिटं होत नाहीत?"

तो म्हणाला, "शेवंता, संपात तू कुठं जेवायचीस?"

"तुमच्याकडे. काकी द्यायची."

"मी कुठं होतो तेव्हा?"

मला आठवेना. खरंच आठवेना. त्या ताटलीच्या आजूबाजूला रामदास कुठंच नव्हता.

"महाडला. मावशीकडे गुरं राखत होतो. एक तोंड कमी करायचं म्हणून आईनं मला पाठवलं. सहा वर्षांचा होतो. ती न्यायला आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, मावशीच्या मागं लपलो." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तिनं तुला जगवलं, चांगलंच केलं. तुझ्यावर राग नाही, तिच्यावर पण नाही. खोटं वाटेल तुला. पण फोन लावला ना, की 'जेवलास का' असं विचारते. दर वेळी तेच. तेवढं एक मला ऐकवत नाही गं."

त्यानं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात एसी काढले. जुनी तापट यंत्रं हलवली, नवी बसवली, खिडकीला जाळी आणि पंखा लावला. भर उन्हात सगळं सुरळीत चाललं. एकाही घराचं इंटरनेट गेलं नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आता असल्या सगळ्याच खोल्यांतले एसी काढू म्हणाले. हेच तर मला हवं होतं. खुर्चीत बसून मी टाळ्या ऐकल्या आणि मला महाडची गुरं दिसत राहिली.

संध्याकाळी चाळीत गेले. पॅसेज थंड होता. काकीचं दार सताड उघडं. उंबऱ्याशी बसून ती ताटात तांदूळ निवडत होती. दम लागत नव्हता. इतक्या वर्षांनी ती मला जुन्या काकीसारखी दिसली. मोबाइल मात्र मांडीवर नव्हता. आत फडताळावर, भांड्यांच्या मागं ठेवलेला दिसला.

"बंद केलंस ना शेवटी?" ती म्हणाली.

"एसीच फक्त, काकी. लाइन चालू आहे. बघ, लाइट लुकलुकतायत."

"नाही गं. बंदच झाली लाइन." तिनं खडा काढून बाजूला टाकला. "तू मशीन काढलंस, म्हणून रामदासचा फोन येत नाही. त्याचा काय दोष? तो लावत असेल बिचारा. लागतच नसेल."

मी तोंड उघडलं. एसी होता तेव्हा तरी कुठं येत होता, हे जिभेवर होतं. काकीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती वाट बघत होती, मी काय म्हणते याची. सगळं माहीत असलेल्या माणसाचे डोळे होते ते, आणि ती माझ्याकडे एवढंच मागत होती.

"हो काकी," मी म्हणाले. "माझ्यामुळंच येत नाही."

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. "असू दे. तू काय मुद्दाम केलंस?" माझ्या पाठीवरून हात फिरवला, ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. "बस. भाकरी गरम आहे. जेवलीस का?"

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"जेवले काकी," मी म्हणाले.