किरणची पाठवणी

आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. औंढे गावाच्या वरच्या अंगाला आम्हा ठाकरांची घरं, आणि पाचवी म्हटली की लोणावळा. तिथं मुलींच्या वसतिगृहात राहायचं आणि शनिवारी घरी यायचं. आजवर चौथी झाली की आमच्या पोरी शेळ्यांमागं जायच्या, नाहीतर माझ्यासारख्या तुंगार्लीच्या बंगल्यांवर कामाला. माझ्या धाकट्या जावेची, संगीताची किरण ही वसतिगृहात जाणारी पहिलीच. तेव्हा मीच हट्ट धरला की पोरीला वाजतगाजत धाडायचं.

मी कामाला जाते त्या बंगल्यावर मागच्या वर्षी मालकांच्या गौरवनं पाचवीत गेल्याचा केक कापला होता. फुगे काय, फोटो काय! मग आमच्या पोरीनं कुणाचं घोडं मारलंय? मी लोणावळ्यातून केक आणला. पण वाडीतल्या म्हाताऱ्यांना केकाचं काय कौतुक? त्यांच्यातली सगळ्यांत थोरली बायाआजी. तिनं आल्या आल्या विचारलं, "पोर घर सोडून चालली ना? मंग हळद कुटंय?"

"आजी, ती शाळेला चाललीय, सासरी न्हाई," मी म्हणाले.

"उंबरा वलांडून परगावी चालली. मोकळी कशी धाडायची? आमाला तर दुसरं काय येत न्हाई, बाई."

तेही खरंच होतं. लेक घराबाहेर पडते तो एकच सोहळा आमच्या बायकांना ठाऊक. केक राहिला बाजूला. त्यांनी किरणला नव्या गणवेशात पाटावर बसवलं, गालांना हळद लावली, फ्रॉकचा ओचा करून त्यात तांदूळ-नारळाची ओटी भरली. एकीनं लेकीच्या पाठवणीचं गाणं धरलं, दुसरीनं डोळ्यांना पदर लावला आणि पाठोपाठ सगळ्याच रडू लागल्या. मीसुद्धा रडले, लपवून काय करू?

रडत नव्हती ती फक्त किरण. ती दारात बसलेल्या पिंकीकडे बघत होती. पिंकी म्हणजे तिची थोरली बहीण, गेल्या वर्षी लग्न होऊन लोहगडवाडीला गेलेली. धाकटीला निरोप द्यायला ती एका दिवसाची परवानगी काढून आली होती. सकाळपासून तिनं दोन-तीनदा कामाला हात लावायला बघितलं, पण संगीतानं दर वेळी "तू बस गं, पाहुणी तू" म्हणून तिला खाली बसवलं. माहेरी आलेल्या लेकीला आमच्यात काम सांगत नाहीत. मायाच असते ती.

जीप आली. किरणच्या बापानं, कान्हूनं, पत्र्याची पेटी टपावर चढवली. किरण मात्र पाटावरून उठेचना.

"चल की गं," मी म्हणाले. "जीपवाला थांबलाय."

"मी न्हाई जायची."

"अगं, कालपर्यंत दप्तर उशाला घेऊन निजत होतीस!"

"पिंकीताईला पण अशीच हळद लावली," ती म्हणाली. "अशीच वटी भरली. तवापास्नं ती आपली न्हाई. येती अन् नुसती बसून ऱ्हाती. आये, मला पाहुणी नको करू."

गाणं थांबलं. बायाआजी खाली बघू लागली. पिंकीनं तोंड फिरवलं. मला तर आम्हा सगळ्या जाणत्या बायांचा असा राग आला की त्या हळदीची वाटी उचलून फेकावीशी वाटली.

"ऱ्हाऊ दे," कान्हू म्हणाला. "न्हाई म्हणती तर न्हाई." आणि तो पेटी उतरवायला वळला. पोरीला लांब धाडायचं त्याच्या मनात नव्हतंच. पेटी एकदा खाली आली असती तर पुन्हा चढली नसती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात संगीता उठली. ती एरवी मोठ्यानं बोलत नाही. तिनं पोरीच्या ओच्यातले तांदूळ मुठीमुठीनं काढून सुपात टाकले. नारळ काढून बायाआजीच्या हातात दिला. मग पदर ओला करून गालांवरची हळद अशी खसाखसा पुसली की पोरीचे गाल लालबुंद झाले.

"पाहुणी?" ती ओरडली. "तुला कोण पाहुणी करतंय? शनिवारी आलीस की आधी भांडी घासायची. मंग शेळ्या. अन् रविवारी सरपण कोण आणणार, तुझा बा? काम केल्याबिगर भाकर मिळायची न्हाई हितं, सांगून ठेवते!"

किरण आईकडे टक लावून बघत राहिली. "खरं?"

"खरं म्हंजी? विसरलीस तर मार खाशील."

पोरीचा चेहरा उजळला. माराचं नाव ऐकून इतकं हसलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. ती उठली, दप्तर पाठीला अडकवलं आणि जीपमध्ये जाऊन खिडकीपाशी बसली. कान्हूनं पेटी टपावरच राहू दिली आणि तोही तिच्याबरोबर चढला. मी केकचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबला. जीप उतारानं गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

बायका पांगल्या. संगीता ओला पदर पिळत दारातच उभी होती. मागं भांड्यांचा आवाज झाला म्हणून आम्ही दोघी वळलो. पिंकी मोरीपाशी बसली होती. साडी खोचून, सकाळच्या स्वयंपाकाची सगळी टोपं पुढ्यात ओढून ती राखेनं घासत होती. मान खाली घालून घासत होती आणि रडत होती.

"ऱ्हाऊ दे गं" म्हणायला संगीतानं तोंड उघडलं, पण शब्द गिळले. ती आत गेली, चुलीवरचं करपलेलं पातेलं उचलून आणलं आणि लेकीच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये पण घास," ती म्हणाली. "बुडाला लागलंय. नीट घास."