थरांतला उजेड

"टॉर्च माझ्याकडे नको सर, काचेवर मारा," सोमी म्हणाली.

पण परीक्षकांना आता गंमत वाटू लागली होती. प्रयोगशाळेचे पडदे ओढलेले होते. यूव्ही टॉर्चच्या झोतात सोमीचा एप्रन कॉलरीपासून गुडघ्यापर्यंत निळाजांभळा पेटला होता. टेबलावर काचेच्या पट्टीवर तिने बनवलेल्या स्फटिकाचे खवले होते, अभ्रकासारखे पातळ. तेही निळेजांभळेच चमकत होते, पण एप्रनपुढे फिके.

"तपासायचं कुणाला? तुला का सॅम्पलला?" परीक्षक म्हणाले. मागे दोघंतिघं हसले.

मग त्यांनी चेहरा गंभीर केला. "कपडे धुवायच्या पावडरीत चकाकीचं रसायन असतं. ते तुझ्या सॅम्पलमध्ये गेलंय. हा उजेड त्याचाच. असा प्रोजेक्ट मी पास करणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा कर."

एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष गेलं, एवढाच त्याचा अर्थ. खालापूर तालुक्यातल्या त्या कॉलेजात उजेड मोजायचं यंत्र नव्हतं. डोळ्यांना दिसेल तोच पुरावा. गाईड हर्षला मॅडम पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या.

दाराशी स्टुलावर सोमीची आई बसली होती, कोंडीबाई. पोरीची परीक्षा बघायला डोंगरावरच्या वाडीतून खाली आली होती. साहेबाचं बोलणं तिला निम्मं कळलं, पण पावडरीचं तेवढं नीट कळलं. काल तिनेच एप्रन धुतला होता. एकदा धुऊन समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा मूठभर पावडर टाकून रात्रभर भिजवून ठेवला. का, ते सांगायला लागतं का? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मळकट म्हणून ओट्यावर चढू दिलं नाही, त्यांनाच कपड्याच्या पांढरेपणाची एवढी धास्ती असते. धुतल्या तांदळासारखी माणसं खुशाल चुरगळलेल्या शर्टात हिंडतात. त्यांना कोण विचारतंय?

"सोमे, माजंच चुकलं काय गं?" कोंडीबाईने हळूच विचारलं.

"नाय गं आये. बस तू."

शेजारच्या टेबलावरची इल्मा कानाशी लागली. "काढ ना यार तो एप्रन. माझा घे. सर विसरतील."

सोमीचा हात बटणाकडे गेला होता. तो तिने खाली घेतला.

"एप्रन अंगावरच राहील, सर," ती मोठ्याने म्हणाली. "माझ्या आईने धुतलाय. आणि खवले वेगळे आहेत, हे मी आत्ता दाखवते. दहा मिनिटं द्या."

"काय दाखवणार?"

"हे थराथराचं पेरोव्स्काइट आहे. भाकऱ्यांची चळत लावावी आणि दर दोन भाकऱ्यांत एक पान ठेवावं, तसं. भाकरी म्हणजे शिसं आणि ब्रोमीन, पान म्हणजे सेंद्रिय रेणू. उजेड भाकरीतून येतो. ब्रोमीन काढून तिथे आयोडीन घातलं, की उजेडाचा रंग हिरवा व्हायला हवा. पावडरीचा उजेड कशानेही हिरवा होत नाही."

"हे आधी केलंयस?"

"एकदा."

"मग?"

"चुरा झाला होता."

परीक्षक खुर्चीत मागे रेलले. "कर."

सोमीने हातमोजे चढवले, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा लावला आणि काचेची पट्टी आत ठेवली. हायड्रोआयोडिक आम्लाचा एक थेंब सोडला. पारदर्शक खवले बघता बघता केशरी झाले. कडा मात्र सुटू लागल्या. एक मोठा खवला मधोमध तडकला. इल्माने डोळे मिटून घेतले. सोमीने जादाचं आम्ल टिपकागदाने टिपलं आणि पट्टी प्रयोगशाळेतल्या विजेच्या कोमट तव्यावर ठेवली. तिने घाई केली नाही. घाई तिने मागच्या वेळी केली होती.

"पडदे," ती म्हणाली.

टॉर्च लागली. काचेवर काहीच दिसेना. परीक्षकांनी घसा खाकरला. सोमीने पट्टी जरा तिरकी धरली, आणि तडकलेल्या खवल्याच्या कडेने हिरवी रेघ उठली. मग तुकड्यातुकड्यातून उजेड फुटला, भाताच्या कोवळ्या रोपासारखा हिरवागार. एप्रन होता तसाच निळा. दोन उजेड शेजारी शेजारी, आणि आंधळ्यालाही कळावा असा फरक.

"मी बनवलंय हे," सोमी म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिने तो उतरवला नाही. "प्रत्येक थर मी बनवलाय."

परीक्षकांनी टॉर्च दोनदा बंद-चालू करून पाहिली. पट्टी स्वतः हातात धरून पाहिली. हर्षला मॅडम आता कुठे म्हणाल्या, "मी म्हणतच होते." कधी म्हणत होत्या, देव जाणे.

"ठीक आहे. पास," परीक्षक म्हणाले. माफीबिफीचा शब्द नाही. तो शब्द त्यांच्या अभ्यासक्रमात नसावा. "पण पुढच्या वेळी एप्रन साध्या पाण्यात धुवा."

"ते आई ठरवील," सोमी म्हणाली.

इल्मा खुदकन हसली, मग सगळेच.

पडदे उघडले. परीक्षक बॅग उचलून निघाले, तसे शिपाई, पोरं, मॅडम, सगळे उठून उभे राहिले. कोंडीबाई उठली नाही. स्टुलावर पाठ ताठ करून, पदर सावरून, ती पोरीकडे बघत राहिली. दार अरुंद होतं. साहेब तिच्या स्टुलाशेजारून अंग चोरून बाहेर गेले.