बोरकुट्यांवर लिहिलेलं वेळापत्रक

मंगळवारी दुपारी बारा वाजता पद्माकर बोरकुटे यांच्यावर नगरपालिकेचं पाण्याचं वेळापत्रक लिहिलं गेलं. बुधवारी सकाळी त्यांच्या पत्नी निर्मलाबाई त्यांना हाताला धरून कचेरीत घेऊन आल्या.

"नाव काय आपलं?" हेमलता जाधवरने विचारलं. पाणी विभागाचा जुना संगणक अठरा वर्षं तीच सांभाळत होती.

"प्रभाग चार, सकाळी सहा ते साडेसात," बोरकुटे नम्रपणे म्हणाले. तेच शब्द त्यांच्या मानेवरही उमटले होते.

"मलाही ओळखत नाहीत," निर्मलाबाई म्हणाल्या. "आता घरातून निघताना तेवढं विचारलं, गॅस बंद केलास का."

हेमलताच्या लक्षात आलं. कालचं वेळापत्रक एका पानाचं होतं, माणूस त्याहून लांब. त्यांचा शेवटचा तुकडा तेवढा शिल्लक राहिला होता. आजचं वेळापत्रक सणाचं, तीन पानी होतं; बाराला तो तुकडाही गेला असता.

तिने संगणकाखालचा खण ओढला. संगणक रोज बाराला त्या खणातल्या 'कच्चा' नावाच्या कागदावर लिहायचा. आता तिथे कागदाऐवजी चिठ्ठी होती. वर 'कच्चा', खाली बोरकुट्यांचं नाव. संगणकाला कुठेही लिहायची मुभा होती आणि चिठ्ठी नेईल तिथे तो न बघता जायचा.

"कुणी ठेवली?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"कुणीही ठेवू शकतं. खणाला कुलूप नाही. कंपनी म्हणते, यंत्र जुनं झालं, आता आम्ही बघत नाही."

ती चिठ्ठी फाडणार, तोच निर्मलाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"फाडली तर हे असेच राहतील?"

"हो."

"मग चिठ्ठी राहू द्या. आज वेळापत्रकाच्या जागी यांनाच लिहा. मी सांगते."

अकरा वाजून गेले होते. पाणी कधी येणार हे आज गावाला कळणार नव्हतं आणि त्याचा जाब हेमलतालाच द्यावा लागणार होता. तिने तिन्ही पानं पुसली.

"आई लवकर गेली, मावशीने वाढवलं," निर्मलाबाई सांगू लागल्या. "पुढे यांनी आयटीआयमध्ये मुलांना फिटरचं काम शिकवलं. कारल्याची भाजी आवडते. राग आला की नखं कापत बसतात. मला बघायला आले, तेव्हा मी काही आवडले नव्हते त्यांना."

हेमलता थांबली. "हेही लिहू?"

"लिहा. नाहीतर पुढे आवडले, ते कुठून येणार?"

बाराला पाच कमी असताना हेमलताने विचारलं, "आणखी काही?"

निर्मलाबाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "नाही. एवढंच."

बाराला संगणक घरघरला. बोरकुट्यांच्या मानेवरचं 'प्रभाग चार' फिकट झालं आणि गेलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"निर्मला, रडतेस कशाला?"

निर्मलाबाई हसायला लागल्या. हेमलताने चिठ्ठीचे बारीक तुकडे केले.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आत आला. बोरकुट्यांचंच नाक, त्यांचेच कान.

"दादा! कळलं तसा मिळेल त्या एसटीने निघालो."

निर्मलाबाईंचा हात तोंडावर गेला.

बोरकुट्यांनी अदबीने उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली.

"बसा ना," ते म्हणाले. "कोण हवंय आपल्याला?"