दर्ग्यातली शाबासकी

दर्ग्याच्या अंगणात फरशी बसवायला आलेला गवंडी पहिल्या दिवसापासून हवेत होता. दर्ग्याचे गुरू पीरसाहेब येता-जाता म्हणायचे, "वा, काय हात आहे तुमचा." त्यांचे मुरीद, म्हणजे शिष्य, म्हणायचे, "असं काम पाहिलं नाही." घरी हेच सांगून सांगून त्यानं बायकोचे कान किटवले. त्याला एकच आस लागली होती. दर गुरुवारी ही मंडळी दर्ग्यात गोल बसून अल्लाचं नाव घेत, त्या गोलात आपल्यालाही जागा मिळावी.

"विसर ते," मजारीजवळ, कबरीपाशी झाडू मारणारी म्हातारी खाला म्हणाली. "तुझी स्तुती चाललीय ना? म्हणजे तू पाहुणा. इथं मजारीत झोपलेत ना, त्या थोरल्या बाबांनीच घालून दिलंय, आपल्या माणसाची तोंडावर स्तुती करायची नाही, डोक्यात हवा जाते. आम्हाला नुसती बोलणी. मला पीरसाहेब तीस वर्षं आळशी म्हणतायत." सांगताना म्हातारीची छाती काय फुगली होती.

झालं! गवंड्याचं तोंड एवढंसं झालं. मग गड्यानं अक्कल पाजळली. दर्ग्याच्या उंबऱ्याशी एक फरशी मुद्दाम वाकडी बसवली आणि पोटभर शिव्या खायला तयार होऊन बाजूला उभा राहिला.

पीरसाहेब आले, अडखळले, भिंत धरून सावरले. त्यांनी खाली पाहिलं. "वा, हीही छान बसवलीत," म्हणाले आणि आत गेले.

हसावं की रडावं, त्याला कळेना. ऐंशीचा माणूस, पडला असता तर? त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, स्वतःची लाज वाटत राहिली. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन त्यानं ती फरशी उखडली, नवा माल कालवला, पाणसळ लावून सरळ बसवली. आता कसली जागा नि कसलं काय, म्हणत तो हत्यारं गोळा करू लागला.

तेवढ्यात पीरसाहेब आले. काठीनं त्यांनी फरशी ठोकून पाहिली.

"काल मला पाडायला निघाला होतास होय रे, गाढवा? आणि आता पळतोस कुठं? हे सांधे काय तुझा बाप भरणार? गुरुवारी वेळेवर ये. तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही."

गवंडी खाली बसून सांधे भरू लागला. डोळ्यांतल्या पाण्यामुळं धड दिसत नव्हतं. दोन सांधे चुकले, आणि त्याबद्दलही त्यानं बोलणी खाल्ली.