बिराजदार सरांना काय द्यायचं

"ही नको गो, ती पलीकडची दाखय," असं मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मासेवालीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मालवणच्या बंदरावर मला सगळे ओळखतात. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मी बाबू मेस्त्री. बाबू मेस्त्री मासे विकत घ्यायला आला याचंच तिला नवल वाटलं असणार. आमच्याकडे मासळी येते ती बोटवाल्यांच्या हातून. इंजिन चालू करून दिलं की वाटा आपसूक घरी पोचतो. पण त्या शुक्रवारी मला वाट्यातली मासळी नको होती. हातभर लांब, चकचकीत डोळ्यांची, सकाळीच उतरलेली सुरमई हवी होती. ती बर्फात घालून थेट लातूरला पाठवायची होती. आमच्या सलोनीचे बिराजदार सर बदली होऊन शनिवारी सकाळच्या एसटीने गावी निघणार होते.

शाळेच्या समितीने घड्याळ ठरवलं होतं. समितीत मीही आहे. नाक्यावरचा बेकरीवाला ब्लेझ म्हणाला, भिंतीवरचं घड्याळ, शाल आणि नारळ. दर वेळी तेच देतो, कोणी नावं ठेवत नाही. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, या शाळेतून आजवर सहा मास्तर गेले आणि सहाही घरांत आपली घड्याळं टिकटिकतायत. पण या माणसाला नुसतं घड्याळ देऊन पाठवलं तर मला माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघवणार नाही. ब्लेझ थंड डोक्याचा माणूस. "मगे तुका काय व्हया तां तू दी," एवढंच म्हणाला.

आता माझं डोकं का फिरलं ते सांगायला हवं. सलोनी लहानपणी अडखळत बोलायची. पहिलं अक्षर तोंडातून सुटायचंच नाही, मान ताठ व्हायची, डोळे घट्ट मिटायचे. वर्गातली पोरं नक्कल करायची. दुसरीत असताना एक दिवस दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणाली, जाणार नाही, आणि खरंच गेली नाही. दीपिकाने, म्हणजे माझ्या बायकोने, समजावलं. मी ओरडलो. ओरडण्यापलीकडे मला फारसं काही येत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

बिराजदार सर तेव्हा नवीन आले होते. सडपातळ, सावळे, लग्न न झालेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते खाडीकाठच्या माझ्या शेडमध्ये आले आणि बाकड्यावर बसले. सलोनी तिथेच नटबोल्टांशी खेळत होती. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं, मास्तरला उद्योग नाही. मग एकदा मी दुरुस्त केलेलं इंजिन तपासायला चालू केलं. शेड दणाणून गेली. तेवढ्यात सरांनी सलोनीच्या हातात पुस्तक दिलं आणि खुणेनं सांगितलं, वाच. तिचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता, तिचा तिलाही नाही. पण ओठ हलत होते, न थांबता हलत होते. मी हातातला पाना खाली ठेवला आणि बघत राहिलो.

त्यानंतर दोन महिने आमचा तोच धंदा. मी इंजिन लावायचं, पोरीने वाचायचं आणि सरांनी बोटाने मला खुणावायचं, थोडं कमी. रोज थोडंसंच. मला कुठला धीर असायला. एकदा मीच शहाणपणा करून इंजिन एकदम बंद केलं आणि पोर जागच्या जागी गप्प झाली. सर रागावलेले मी तेवढ्या एकदाच पाहिले. "बाबूभाऊ, घाई तुम्हाला हाय, लेकराला न्हाई," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठ्या आवाजापासून सुरुवात केली. शेवटी एका संध्याकाळी वाचता वाचता डिझेल संपलं. इंजिन आपोआप थांबलं. सलोनीने पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागली. दीपिका दारात उभी राहून रडली. मी रडलो नाही, डिझेल आणतो म्हणून कॅन न घेताच बाहेर पडलो.

आता सलोनी सहावीत आहे. परिपाठाला बातम्या तीच वाचते. कधी अडते, पण अडली की थांबते, श्वास घेते आणि पुढे जाते.

असल्या माणसाचे उपकार फेडायचे कसे? मी माझ्या परीने फेडत होतो. बुधवार आणि शुक्रवार हे आमचे मासे खायचे वार. त्या दोन्ही दिवशी सलोनीच्या हातून सरांना डबा जायचा. बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, तिसऱ्यांचं सुकं, जे घरात चांगलं असेल त्यातलं आधी सरांचं. सलग पाच वर्षं. डबा लख्ख घासून परत यायचा, आत सलोनीसाठी एखादी पेन्सिल. मी बंदरावर छाती फुगवून सांगायचो की घाटावरच्या माणसाला मासळीची चटक लागली ती या बाबूमुळे.

तर सुरमई घेतली, थर्माकोलच्या पेटीत खाली-वर बर्फ भरला, टेप गुंडाळली आणि पेटी घेऊन राधाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या पडवीतल्या खोलीत सर भाड्याने राहायचे. सर शाळेत होते. राधाबाई पायरीवर बसल्या होत्या. मुलगा गोव्यात, घरात त्या एकट्याच. वय पंचाहत्तरच्या पुढे, नजर अधू, पण पेटीतला वास त्यांना फाटकापासूनच आला. मी म्हटलं, सरांच्या गावी न्यायला सुरमई आणलीय, बर्फ उद्यापर्यंत टिकेल. त्यांनी पेटीवर हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "बाबू, ही पेटी परत घेवन जा रे. मास्तर मासे खात नायत."

मी विचारलं, आज नाहीत का खात?

"कदीच खाल्ल्यानी नाय. तेंच्या घराण्यात कोण खात नाय. तेंका वाससुदा सोसत नाय."

"मगे डबे?"

"ते मी खाल्लंय," राधाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं, जणू आत्ताच जेवून उठल्या होत्या.

मी तिथेच पायरीवर टेकलो. मग राधाबाईंनी सगळं सांगितलं. पहिला डबा गेला तेव्हा सलोनी शेडमध्ये बोलायची, शाळेत परत जायलाही लागली होती, पण तिथे अजून तोंड उघडत नव्हती. त्या दिवशी वर्गाच्या दारात उभी राहून तिने डबा पुढे केला आणि म्हणाली, "सर, बाबान डबो दिल्यान." शाळेच्या उंबरठ्याच्या आत बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य. आता त्या पोरीला नको कसं म्हणायचं? सरांनी डबा घेतला. संध्याकाळी राधाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि सांगितलं की बाबूच्या घरी यातलं अक्षर जाऊ देऊ नका, लेकरू पुन्हा मिटेल. "माका तुका सांगूक व्हया होता," राधाबाई म्हणाल्या, "पण झील गोव्यात. हयसर माका मासो कोण हाडून घालतलो?"

माझ्या शेडला लागूनच वाडीतल्या बायका बांगडे सुकत घालतात. तिथे तो माणूस दोन महिने रोज बसला, नाकाला रुमाल लावून. मला वाटायचं, डिझेल सोसत नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पेटी घेऊन घरी आलो आणि दीपिकाला सगळं सांगितलं. म्हटलं, आता घड्याळच द्या, आपल्याला अक्कल नाही. तिने उलट मलाच विचारलं.

"पाच वर्सां तुमका काय आवाडता तांच तेंका धाडलात. तेंका काय आवाडता तां कदी विचारलात?"

मी तस्सा राधाबाईंकडे परत गेलो आणि विचारून आलो. राधाबाईंच्या घरी सोमवारी सुकी मासळीसुद्धा शिजत नाही. तेवढ्या दिवशी सर त्यांच्याकडे जेवायचे, आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या असल्या तर मागून घ्यायचे. बाकी सहा दिवस स्वतः भाकरी थापायचे. झालं, दीपिकाने पदर खोचला. आमच्या रोजच्या भांड्यांना मासळीचा हात लागलेला, म्हणून माळ्यावरून गणपतीतली भांडी काढली, भर एप्रिलात. ओटा, चूल, जमीन सगळं दोनदा धुऊन काढलं. सुरमई ब्लेझच्या घरी पोचवली. त्याने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुपारी एक बोटवाला वाटा घेऊन आला, त्याला दारातूनच परत पाठवला. शुक्रवारी मेस्त्री मासे नाकारतोय म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणून विचारलं, "काय रे, घरात कोण गेला काय?"

शाळेतला निरोप तीन वाजता झाला. शाल, नारळ, घड्याळ, सगळं यथासांग. संध्याकाळी सलोनी सरांना हाताला धरून घरी घेऊन आली. ते उंबऱ्यात थांबले. नेहमीचा वास नव्हता. ओट्यावरची पितळी भांडी बघितली, दीपिकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. मान खाली घातली, जणू चोरी त्यांचीच उघडी पडली होती.

मी माफी मागायचं ठरवलं होतं. तोंडातून निघाला तो रागच. म्हटलं, सर, पाच वर्षं? एकदा तरी सांगायचं होतं, आम्ही काय परके होतो?

"डबा पोचत होता की, बाबूभाऊ," सर म्हणाले. "मला पोचत होता."

मग ते जेवायला बसले. मांडी घालून, बाह्या दुमडून, मन लावून. दीपिका गरम आंबोळी टाकत राहिली, सलोनी वाढत राहिली. सांबारं तिसऱ्यांदा मागून घेतलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आमच्या घरात त्यांना जेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

हात धुतल्यावर मी त्यांना सरळच विचारलं. एक जेवण म्हणजे काही देणं नव्हे. आता खरं सांगा, तुम्हाला काय द्यायचं?

त्यांनी थोडा विचार केला. मला वाटलं, नकोच म्हणणार.

"राधाबाईंचा डबा बंद करू नका," सर म्हणाले. "आन् ठेवून येऊ नका. त्यांचं जेवण होईपर्यंत दारात बसत जा. त्यांना आता दिसत न्हाई, काटा लागला तर घरात दुसरं माणूस न्हाई. मी बसत होतो."

म्हणजे आठवड्यातून दोनदा, पाच वर्षं, हा माणूस तिथेही नाकाला रुमाल लावून बसला होता. दीपिका आत निघून गेली. मी नुसता हो म्हणालो.

शनिवारी सकाळी कोल्हापूरच्या गाडीत त्यांना बसवलं, तिथून पुढे लातूरची गाडी होती. सलोनी खिडकीखाली उभी राहून काय काय सांगत होती आणि ते तिचं होईपर्यंत थांबा म्हणून कंडक्टरला हात करत होते.

बुधवारी सलोनी मामाकडे गेली होती, म्हणून डबा मीच नेला. राधाबाईंनी ताट घेतलं, मी उंबऱ्यावर बसलो. त्यांनी बांगडा बोटांनी चाचपला, एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावला, मग एक घास घेतला. मग पुन्हा चाचपला. खिशात फोन वाजायला लागला. धक्क्यावर बोट अडली होती, ओहोटी लागायच्या आत इंजिन चालू व्हायला हवं होतं. एरवी मी केव्हाच धावलो असतो. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"कामा आसतली तुका," राधाबाई म्हणाल्या. "तू जा हां."

"कायेक घाई नाय," मी म्हटलं.

त्यांनी दुसरा बांगडा पुढ्यात ओढला.