तंबाखूचा भाऊबंद

मित्रांनो, मी तंबाखूची पानं कापायची एक जुनी पाती आहे. क्यूबातल्या पिनार देल रिओ शहरात चिरुटांच्या कारखान्यात राबते. आधीच सांगून ठेवते, माझा चटकन कुणावर विश्वास बसत नाही. मोडक्या करवतीच्या पोलादातून मला कापलं, चंद्रकोरीसारखं घासलं आणि एवेलिओ नावाच्या चिरूट वळणाऱ्या कामगाराच्या हाती दिलं. त्याला वाटलं, पोलाद हलकं आहे. मला वाटलं, माणूस धांदरट आहे. तरी चाळीस वर्षं आमचं बरं जमलं.

चिरूट वळताना हात गुंतलेले असतात, कान रिकामे. म्हणून आमच्याकडे मंचावर बसून एक वाचक दिवसभर मोठ्यानं वाचतो. वाचलेलं आवडलं की कामगार लाकडी फळीवर पाती ठोकतात. नाही आवडलं, तर पाती जमिनीवर टाकतात. वाचकाचा याहून मोठा अपमान नाही.

एका वर्षी नेरेइदा नावाची मुलगी महिनाभरासाठी वाचायला आली. महिनाअखेर कामगार मत देणार, मगच नोकरी पक्की. घरी आजारी आई, कमावणारं दुसरं कुणी नाही. ती जगातल्या नवलाच्या गोष्टी वाचायची. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. सिनेमात घोड्याच्या टापा म्हणून नारळाच्या करवंट्या वाजवत. बाकीच्या पात्या खणखणायच्या, मी मात्र एवेलिओच्या मुठीत गप्प. पोरगी हे सगळं घरी बसून रचते, असं तो शेजारणीला सांगायचा. मलाही तेच वाटायचं. तीन हृदयं मोजायला गेलं होतं कोण?

मतदानाच्या आदल्या दिवशी तिनं वाचलं, की टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले. झालं! एवेलिओनं मला फरशीवर आपटलं.

"पोरी, जन्म गेला माझा तंबाखूत. आता टोमॅटो त्याचा भाऊबंद म्हणून माझ्या गळ्यात मारतेस?"

तो सगळ्यांत जुना कामगार. त्याचं बघून आणखी दहा-बारा पात्या पडल्या. नेरेइदाचा चेहरा उतरला. ती मुकाट्यानं बाहेर गेली. चोरी पकडली गेली, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

पण ती परत आली. खानावळीमागच्या परसातून तिनं टोमॅटोचं पान खुडून आणलं होतं. ते एवेलिओच्या फळीवर ठेवून म्हणाली, "काका, माझ्यावर नका ठेवू विश्वास. डोळे मिटा आणि नुसता हात लावा."

कुरकुरत त्यानं डोळे मिटले. अंगठा पानावरून फिरवला. तीच बारीक लव, तोच चिकटपणा, लहानपणी बापाच्या शेतात तंबाखूची ओली पानं खुडताना बोटांना लागायचा तो. त्यानं डोळे उघडले. मग गुडघ्यावर हात टेकून वाकला, मला उचललं आणि फळीवर ठोकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूनं पहिला हात त्याचाच वर झाला.

मित्रांनो, त्या आपटण्यात माझा एक कोपरा उडाला. संशय जरूर घ्या, मी अजूनही घेते. फक्त कुणाला फेकण्याआधी एकदा हात लावून बघा. कोपऱ्याचं मला एवढं दुःख नाही. पण ती पान घेऊन परत आली नसती, तर तिची नोकरी गेली असती, आणि आम्ही दोघं आजही स्वतःला शहाणे समजत बसलो असतो.